दोन नंबरच्या कंप्रेसरची चुगली

...नाही, मी म्हणतो, बसवायचं ते बसवा, पण निदान विचारायचं तरी! एकतीस वर्षं झाली मला या साबणाच्या कारखान्यात, एकतीस वर्षं मशीनं दुरुस्त करतोय, आणि एका सोमवारी कामावर येऊन बघतो तर काय, एकूण एक मशीनच्या अंगावर बाटलीच्या झाकणाएवढं काळं बटण चिकटवलेलं. हे काय म्हटलं? तर सेन्सर. ते म्हणे मशीनची थरथर मोजणार, ताप मोजणार, आणि मग मशीनं आपापसात बोलणार. मध्ये माणूस नको! मला कुणी विचारलं? नाही विचारलं.

आता तुम्हाला सांगतो, आमच्याकडे मला नावानं कुणी हाक मारत नाही, डॉक्टर म्हणतात. कारण माझी पद्धत. लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डोळे मिटायची तशी काही गरज नसते, पण लोक बघत असतात ना... मग दोन मिनिटं गप्प राहून हळूच म्हणायचं, पंखा घासतोय. आणि खोलून बघितलं की पंखा घासत असायचाच. म्हणजे बहुतेक वेळा असायचा. नसला तर खोललंच आहे म्हणून दुसरं काहीतरी सापडायचं. सापडतंच हो, जुनी मशीनं आहेत! पण तेवढ्यावर एकतीस वर्षं डॉक्टरकी चालली माझी, आणि खोटं कशाला बोलू, तेवढीच काय ती माझी कमाई.

घरी बायकोला सांगितलं, म्हटलं, आता मशीनं एकमेकांशी बोलणार आहेत. तर ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणते, "बरंय की. तुम्ही घरी आल्यावर चार शब्द बोलत नाही, मशीनं तरी बोलू देत." म्हणजे बघा, घरचे असे!

बरं, बोलतात म्हणजे काय बोलतात? चुगल्या करतात! आमच्याकडे दोन नंबरचा कंप्रेसर आहे, हवा दाबून नळ्यांतून सगळ्या मशीनना पुरवतो, असं हे थोरलं धूड. बटणं तिसऱ्या दिवशी चालू केली, तोच यानं भर दुपारी बाराला कळवलं की मला थरथरतंय. कुणाला कळवलं? मला? छे! मी दहा पावलांवर उभा होतो. यानं कळवलं पॅकिंगच्या मशीनना. त्यांनी लगेच आपला वेग निम्मा केला, का तर म्हणे हवा कमी पडेल, आतापासूनच जपून राहू. त्यांनी साबण ओतणाऱ्या मशीनला सांगितलं, बाई, जरा दमानं. आणि तिकडे स्टोअरच्या कॉम्प्युटरनं परस्पर नवं बेअरिंग मागवूनसुद्धा टाकलं! एक वाजला की सगळं पुन्हा सुरळीत, जसं काही झालंच नाही. दुसऱ्या दिवशी बाराला परत तेच. तिसऱ्या दिवशी परत तेच. पॅकिंगच्या बायका हातावर हात ठेवून बसल्यात, मोठे साहेब येरझाऱ्या घालतायत, बाहेर ट्रक खोळंबलेत... आणि मला कुणी विचारलं? नाही विचारलं.

शेवटी आठव्या दिवशी विचारलं.

कंट्रोल रूममध्ये एक इंजिनिअर मुलगी आहे, माझ्या धाकटीच्या वयाची, हे सगळं तिनंच बसवलेलं. ती आली, बरोबर मोठे साहेब, मागे पॅकिंगच्या सगळ्या बायका. म्हणाली, "काका, तुम्ही एकदा ऐकून बघता का?" आहाहा! अहो, आठ दिवस या शब्दांसाठी माझे कान आसुसले होते. मी स्क्रूड्रायव्हर पुसला. दोनदा पुसला. टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

काहीही नव्हतं! दुपारचे तीन वाजलेले, कंप्रेसर छान घुमत होता, नेहमीसारखा. आता एखादा शहाणा माणूस काय म्हणेल? म्हणेल, मला काही ऐकू येत नाही. पण एवढी माणसं गोळा झालेली, साहेब वाट बघतायत... मी डोळे उघडले आणि म्हटलं, "बेअरिंग गेलंय. मी महिन्यापूर्वीच सांगणार होतो."

का बोललो, देव जाणे.

झालं! अख्खी पाळी बंद ठेवून कंप्रेसर खोलला, बेअरिंग बदललं. जुनं निघालं ते आरशासारखं, तोंड बघून घ्या त्यात! साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आतून गेलंय साहेब, वरून दिसत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर म्हणतायत म्हणजे असणारच.

आणि दुसऱ्या दिवशी बाराला कंप्रेसरनं पुन्हा कळवलं, थरथरतंय.

मग ती मुलगी एकटी आली, लॅपटॉप घेऊन. आलेख दाखवला. रोज बारा ते एक डोंगर, बाकी सपाट माळ. साप्ताहिक सुट्टीला डोंगर नाही. मधल्या मंगळवारीही नाही. हळूच म्हणाली, "काका, त्या मंगळवारी रजेवर कोण होतं?" मंगळवारी मी दाढ काढायला गेलो होतो! तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही, मी आपला सांगतोय तिला, दाढ फार खोल होती म्हणून. ती ऐकून घेत होती बिचारी, आणि बघत होती माझ्या खांद्यावरून मागे, कंप्रेसरकडे.

कंप्रेसरवर माझा डबा होता.

जेवण गरम राहायला त्याच्यासारखी जागा नाही हो! एकोणीस वर्षं बाराला ठेवतो, एकला उचलतो. नेमकं त्या जागेला खेटून यांनी ते बटण चिकटवलं, तर मी काय केलं, डबा चार बोटं सरकवला आणि बटणालाच टेकवून ठेवला, पडू नये म्हणून. स्टीलचा डबा, आत चमचा... रोज तासभर टणटण टणटण बटणाच्या कानात! आणि गंमत सांगू? ती टणटण मला एकोणीस वर्षं ऐकू येत होती. मला वाटायचं, कंप्रेसरचा आवाजच तसा आहे. हा डॉक्टर!

मी डबा उचलला. आलेखातला डोंगर तिथल्या तिथे बसला. मुलगी म्हणाली, "साहेबांना काय सांगू, काका?" एकतीस वर्षांचं नाव, आणि ते एका चमच्यावर जाणार! बटणच बिघडलं होतं म्हणून तिनं झाकलं असतं, तयार होती ती. पण निर्दोष बेअरिंगला मी नावं ठेवली होती, आता त्या पोरीच्या बटणालाही ठेवायची? म्हटलं, जे आहे ते सांग.

तिनं सांगितलं. संध्याकाळपर्यंत पॅकिंगच्या बायका 'डॉक्टर' म्हणायच्या बंद झाल्या, 'डबेवाले' म्हणायला लागल्या. बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "चमचा वेगळा देत जाऊ का?"

डबा मात्र हलवायला कुणी लावला नाही. त्या मुलीनंच सोय करून दिली. आता रोज बाराला माझ्या फोनवर कंप्रेसरचा निरोप येतो, 'थरथर वाढली आहे. डबा ठेवला आहे का? हो किंवा नाही.' आणि माझं उत्तर जाईपर्यंत पॅकिंगची मशीनं वेगाला हात लावत नाहीत, थांबतात माझ्यासाठी. मी हो दाबतो. मग चालू देतात.

रोज विचारतात हो, न चुकता! एवढी एक तक्रार उरली होती माझी, तीही काढून घेतली लेकाच्यांनी...