आई खुर्चीसकट निघाली

सामान हलवायले माणूस कसा पाहावा म्हणता ना, तर आमचं ऐका. वणीहून पांढरकवड्याले घर हलवायचं होतं. बाकीच्यांनी फोनवरच सामान विचारलं. टेम्पोवाले रहीमभाई मात्र घरी आले, आईजवळ बसून चहा पेले. म्हणून त्यांनाच सांगितलं.

निघायच्या सकाळी सारं घर रिकामं झालं, पण आई खुर्चीतून उठेना. "मी नाही येत. तुहे बाबा याच घरात गेले."

मी रडकुंडीले आलो. रहीमभाई म्हणाले, "अम्मा, तुम्ही उठूच नका."

चौघांनी तिले खुर्चीसकट टेम्पोत चढवलं, गाद्यांच्या मधात खुर्ची दोरीनं बांधली. रहीमभाई स्वतः तिच्या बाजूले बसले. ड्रायव्हरनं टेम्पो बैलगाडीसारखा हळू घेतला. मी मोटरसायकलनं मागं. दोन्हीकडं कापूस फुटलेला, आणि त्या पांढऱ्यातून आई जशी तरंगत चालली होती. पदर वाऱ्यावर उडून राह्यला होता, तिनं सावरलाही नाही.

नव्या घरापुढं टेम्पो थांबला. मले धास्ती, आता उतरते का नाही.

"अम्मा, घर आलं."

आईनं डोये अर्धेच उघडले. "इतक्यात? रहीमभाऊ, अजून थोडं पुढं घ्या ना."