एकाच जागेवरून दिसणारी घार

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचा सत्कारमूर्ती म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि अगत्याने आलेल्या रसिकहो, सर्वांना नमस्कार.

मी काही भाषणं करणारी बाई नाही. भावाच्या शिल्पांचं वेल्डिंग करते, त्यामुळे बोलणं जरा तापलेलं वाटलं तर सांभाळून घ्या.

त्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्याचे तुकडे खांबांवर असे सुटे उभे करायचे, की सगळीकडून नुसतं भंगार दिसावं आणि एकाच जागेवरून पाहिलं की त्यात जीव यावा. ती जागा तो एक डोळा मिटून शोधायचा. चौकातली घार आठवते ना? फुटपाथवरच्या सपाट दगडावर उभं राहिलं की ती सशावर झेपावलेली दिसायची. पोरं किंचाळायची, आणि पुन्हा तिथंच जाऊन उभी राहायची!

पण अध्यक्षसाहेबांच्या गच्चीतून ससा दिसत नव्हता. दिसायच्या त्या नुसत्या नख्या, त्याही त्यांच्याच दाराकडे वळलेल्या. घरात आजारपण आलं आणि खापर घारीवर फुटलं. साहेब, राग मानू नका. इथं बसलेल्यांपैकी कोणाला हे माहीत नाही?

भरदिवसा माणसं घण घेऊन आली. घार पाडली, चेपली. भाऊ आडवा गेला. "साहेब, एकदा या दगडावर उभं राहून बघा हो!" एवढंच ओरडत होता. त्याच दगडावर त्याचा उजवा हात दाबून धरला. दोघं पाठीवर बसले. पहिल्या घावात बोटं फुटली, दुसऱ्यात मनगट. मग कोणीतरी डोळ्यावर लाथ घातली. माझे केस धरून माझं तोंड भिंतीवर रगडलं होतं; मला दिसलं काहीच नाही, ऐकू मात्र सगळं आलं. लोखंड ठोकण्यात माझं आयुष्य गेलं, पण हाडाचा तो आवाज अजून जेवताना कानात येतो.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "ताई, एक डोळा मिटायचे कष्ट वाचले बघ." मी तिथंच त्याला बदडणार होते.

चौकशी झाली. घण कोणाच्या हातात होता? भरल्या चौकात एकानेही पाहिलं नव्हतं. राहिला भावाचा एकट्याचा शब्द, तो कोण धरतो?

आज पडद्यामागे त्याच घारीचे चेपलेले तुकडे आहेत, डाव्या हाताने उभे केलेले. अध्यक्षांची खुर्ची कुठे मांडायची हे त्यानेच सांगितलं. आयोजकांना वाटलं, केवढा हा मान! रसिकहो, तुम्हाला खालून भंगार दिसेल. साहेब, तुम्हाला एक हात दिसेल. दगडावर दाबून धरलेला, अजून न फुटलेला, बरोबर वरून पाहिलेला. तो हात तसा वरून एकाच माणसाने पाहिला होता.

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. साहेब, तुमची क्षमा मी मागत नाही.

दोरी तुमच्या उजव्या हाताशी आहे. ओढा.