तारेखालचं भगदाड

तुमी कुंपणाचा विषय काढला म्हणून आमच्या शालिकमामाचं सांगतो. घाटंजीकडं त्याइचं वावर हाय. एकाहत्तरच्या लढाईत धरल्या गेलते, वरीसभर पाकिस्तानात कैदेत होते. आता भुईमूग पेरतात.

मांगच्या महिन्यात रानडुकरं कुंपणाच्या तारेखालून भगदाड पाडून आत घुसले आन अर्धा भुईमूग उकरून गेले. मी म्हटलं, मामा, वनखात्याकडून भरपाई भेटते. मीच अर्ज लिहून देला. चार दिवसानं खाकी वर्दीतले साहेब वही घेऊन पंचनाम्याले आले.

त्याइले पाहताच मामानं तुराट्याचा भारा भगदाडावर सरकवला आन समोर ताठ उभे राह्यले.

"बाबा, डुकरं कुठून आली?" साहेबानं विचारलं.

"माहीत नाही."

"तारेखाली भगदाड असेल ना कुठं?"

"सांगता येत नाही."

मी मांगून खुणा करून राह्यलो, पण मामा पाहेच ना. साहेब कुंपणाच्या कडेनं फिरले, तार धड दिसली, तसंच लिहून घेतलं आन निघून गेले.

मी भडकलो. "मामा, साहेब आपलेच होते. काहून लपवलं?"

मामा तुराट्या बाजूले करत म्हणे, "तिकडं आमी पाच जणानं चमच्यानं उकरून तारेखाली असंच भगदाड पाडलं होतं. तवाही वर्दीवाला वही घेऊन हेच विचारे. आठ दिवस मार खाल्ला, पण सांगतलं नाही."

"मंग?"

"मंग काय? यानं तर नुसतं बाबा म्हणून विचारलं. तेवढ्यावर सांगून देऊ?"