साखळीवरची बोटं

नाशिकरोडच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी म्हातारे वडील आणि त्यांची मुलगी नंबरची वाट बघत बसले होते.

"बाबा, एकदम उठू नका. आधी पाय हलवा."

"मला सांगतेस? एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात जन्मभर जिने चढलो. पहिल्या पायऱ्यांना पाय लाकडासारखे, मग मोकळे व्हायचे."

"गोळी घेतली?"

"घेतली. तुझे हात कसे आहेत?"

"थंडीत मूठ उघडत नाही. गरम पाण्यात धरते, मग पोळ्या लाटते."

"दुसरं काही नाही, हाच आजार घेतलास माझ्याकडनं."

"बाबा, काल बागेत आरोही झोक्यावरून उतरेना."

"घाबरली असेल नात माझी. लहान आहे."

"घाबरली नव्हती. साखळी सोडायची होती, पण बोटंच उघडेनात. मी एकेक बोट सोडवलं."

म्हाताऱ्यांनी मुलीच्या बोटांकडे पाहिलं.

"जावईबापूंना सांगितलंस?"

"ते तिथंच होते. म्हणाले, हट्ट करतेय."

"आणि तू?"

"मीही हो म्हणाले."

"माझं राहू दे आज. घरी जा, तिला घेऊन ये."

"उद्या आणते, बाबा. आज शाळेत तिचा नाच आहे. तेवढा होऊ दे."