पहिला बॉक

कोच : मग हिशोबच मांडा बाबा. ती या खोलीतून बाहेर आली नाही, तर तुमच्या पदरात काय पडणार?

अंपायर : काही नाही. अंपायरला पदर नसतो. आणि मैदानावर मला बाबा म्हणू नकोस.

कोच : आपण मैदानावर नाही. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी उभे आहोत, आणि आत तुमची नात कडी लावून बसलीये.

अंपायर : तुझ्या संघाची पिचर बसलीये, चेंडू टाकणारी. मैदानात आता आठच मुलं उरलीत. पाच मिनिटांत नववं आलं नाही, तर सामना त्यांचा. दीड मिनिट गेलं.

कोच : वर्षभरात बेसबॉलचा एक सामना जिंकलेलो नाही आम्ही. आज शेवटच्या डावापर्यंत एका धावेनं पुढे होतो. आणि तुम्ही या एवढ्याशा पोरीला लागोपाठ तीन बॉक दिलेत.

अंपायर : चेंडू टाकायला हात उचलायचा आणि मध्येच थबकायचं, तो बॉक. ती तीनदा थबकली, मी तीनदा दिला.

कोच : आणि दर बॉकला त्यांच्या धावणाऱ्याला एक बेस फुकट. तो पोरगा पहिल्या बेसवर नाक कोरत उभा होता. कोरत कोरतच दुसरा, तिसरा करत शेवटी होमला पोचला, त्यांची धाव झाली. बरोबरी झाली.

भिंगरी : अंपायर, एक विचारू?

अंपायर : बंद दाराआडून?

भिंगरी : दार उघडं पाहिजे असं नियमात लिहिलंय?

अंपायर : विचार.

भिंगरी : दहा वर्षांच्या गटात पहिल्या बॉकला काय द्यायचं असतं?

अंपायर : समज.

भिंगरी : मला दिलीत?

अंपायर : तुला पुस्तक तोंडपाठ आहे. तुला कसली समज द्यायची?

भिंगरी : त्यांच्या पिचरला दिलीत. दुसऱ्या डावात. खांद्यावर हात ठेवून.

कोच : 'बाळा' पण म्हणालात.

अंपायर : तो परक्याचा पोरगा. हिला सोडलं असतं, तर कुंपणापलीकडचे काय म्हणाले असते? तीस वर्षं दुकानांचे वजनकाटे तपासलेत मी. कुणाचा घोटभर चहा घेतला नाही.

कोच : सगळ्यांचे काटे एकदा तपासायचात, आत्याच्या दुकानातला दोनदा. आत्या अजून आपल्या घरी पाय ठेवत नाही.

अंपायर : तिचा काटा बरोबर होता.

कोच : हो, दोन्ही वेळा. आता हिचं ऐका. हात उचलला की ही चेंडूकडे बघतच नाही, तुमच्याकडे बघते. म्हणून थबकते.

अंपायर : खरं का गं?

भिंगरी : ...हो.

अंपायर : किती वेळ झाला?

कोच : घड्याळ तुमच्याच हातात आहे.

अंपायर : पहिला बॉक रद्द, उरले दोन. तो पोरगा तिसऱ्या बेसवर परत. तुम्ही एका धावेनं पुढे. पण ही तुला समज. परत थबकलीस तर देईन.

भिंगरी : द्या.

कोच : त्यांचा कोच गाव डोक्यावर घेईल. नातीसाठी केलं म्हणेल.

अंपायर : म्हणू दे. कडी काढ.

(सामना संपल्यावर. तिघंही मैदानाच्या फाटकाशी.)

भिंगरी : नंतरचा बॉक खरा होता.

अंपायर : होता.

भिंगरी : तेव्हा तुमच्याकडे बघत नव्हते. नाकावर माशी बसली होती.

अंपायर : माशीला नियमात सूट नाही.

कोच : त्या माशीपायी पुन्हा बरोबरी झाली, आणि पुढच्या फटक्याला हरलो. जिंकूनही त्यांचा कोच समितीकडे तक्रार करून गेला.

अंपायर : ठाऊक आहे. मला बोलावलं होतं. सहा रविवार घरी बसा म्हणाले.

कोच : चूक सुधारली म्हणून?

अंपायर : मुळात केली म्हणून. समज न देता बॉक दिला, तर सहा सामने बंद. त्यांना कलम सापडत नव्हतं. मी काढून दिलं.

कोच : धन्य आहे तुमची. म्हणजे सामना गेला आमचा आणि सहा रविवार गेले तुमचे.

भिंगरी : ते सहा मला द्या. मी टाकीन, तुम्ही झेला. बोलायचं मात्र नाही.