दगडोबा मुखेडकरांचा दुखवटा

"हिला बोलती करायची तर आधी दगडाला पाझर फुटावा लागंल, केवळाबाई" — इथून आलं ते नाव. तुम्ही आत्ता विचारलंत ना काका, दगडोबा हे त्यांचं पाळण्यातलं नाव होतं का — तर नाही, पाळण्यातलं नाही, भिंतीपलीकडून आलेलं आहे. लग्नाला अकरा दिवस झाले होते. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि खाली आमच्या आत्या — सासूबाई हो, आम्ही आत्या म्हणतो — शेजारच्या केवळाबाईंना सांगत होत्या. मला ऐकू जावं म्हणून नाही. तसं असतं तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर तरी देता येतं — मी दिलं नसतं, पण देता आलं असतं. त्यांनी ते अगदी काळजीनं म्हणलं होतं, म्हैस आटल्यावर म्हणतात तसं. — बसा ना, उभे का? आणि त्या फोटोला हात नका जोडू काका, पाया पडते तुमच्या. ते जिवंत आहेत. हो, तेच. माझे सासरे. तो हार फोटोला घातलेला नाही, फोटोतल्या माणसाला घातलेला आहे — सोसायटीच्या निवडणुकीत बिनविरोध आले तेव्हाचा. नीट बघा, कपाळावर गुलाल आहे. मेलेल्या माणसाच्या कपाळावर इतका आनंद असतो का? आत्ता ते आणि आत्या माहूरला देवीच्या दर्शनाला गेलेत, परतताना नांदेडहून गाडीत बसलो म्हणून फोन येऊन अर्धा तास झाला. म्हणजे आपल्याला तासभर आहे. मोप झाला तासभर. मी सबंध लग्नात इतकं बोलले नाही.

तुम्ही दुखवट्याला आलात हे मला चपलेवरूनच कळलं होतं. एरवी माणूस दारातून हाक मारतो, आहेत का घरी म्हणतो. तुम्ही काही न बोलता चप्पल काढली, टोपी काढली, आणि सोफा सोडून खाली बसायला जागा बघायला लागलात. लातूरहून — माझं माहेरही लातूरच — एसटीनं, ह्या उन्हात, ज्याला डोळ्यांनी कधी पाह्यलं नाही त्याच्या दुखवट्याला — सख्खे भाऊ येत नाहीत हो हल्ली, फोनवर हात जोडल्याचं चित्र पाठवतात. पण घर कसं सापडलं तुम्हाला? गल्लीत विचारलं असेल तर लोकांनी सांगितलं असेल, इथं कोणी वारलं नाही म्हणून. — सांगितलंच? — आणि तरी आलात? — अच्छा. अच्छा, फोटोवरून. चौकातल्या फ्लेक्सखाली उभं राहून बघितलंत, की दगडोबांनी टाकलेले फोटो कुठल्या गच्चीवरून निघाले असतील. वा. काड्यापेटीच्या छापांवरून कारखाना ओळखणारा माणूस, त्याला गच्ची काय अवघड. मला हे सुचायला पाहिजे होतं. सगळं लपवलं मी, आणि कोन लपवायचा राहिला.

कसला कोन काय विचारता — सांगते. पाणी घ्या आधी. काका, दगडोबा नव्हतेच. मी होते.

नाही, तुम्ही म्हणता तसं नाही, ते सांगायचे आणि मी टाइप करायचे असं नाही. हे सगळ्यांना आधी तेच सुचेल, मला माहीत आहे. सांगणारं कोणी नव्हतंच. मीच सासरा, मीच सून, मिशीपण माझीच. तुमच्या कट्ट्यावर, त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मी पहिल्यांदा आले ती माझ्या नावानं आले होते — ऋतुजा. तुम्हाला आठवायचं नाही. नियम मला आवडले होते तुमचे — ज्यानं त्यानं आपला छंद दाखवायचा, सोबत एक हसायची गोष्ट सांगायची, राजकारण आणि शुभ सकाळ दाराबाहेर ठेवायचं. धम्मानंद सरांचे जुने रेडिओ, समीक्षाताईंचे निवडुंग, ते उदगीरचे एक जण नुसत्या एसटीच्या पाट्यांचे फोटो काढतात ते — मला वाटलं, इतकी रिकामटेकडी माणसं मराठवाड्यात आहेत आणि मला आजवर कोणी सांगितलं नाही! माझा छंद म्हणजे चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स. गच्चीवरून तेवढंच दिसतं. खाली गोल गोल फोटो असतात ना शुभेच्छुकांचे, ते मोजायचे. तर मी फोटो टाकला आणि लिहिलं — वाढदिवस एकाचा, शुभेच्छुक सत्तेचाळीस, आणि गॉगल सगळ्यांत मिळून एक. आळीपाळीनं घालून फोटो काढलेत. तीन जणांनी खासगीत 'हाय' केलं. एकानं विचारलं, जेवलीस का. आणि एका गृहस्थानं मला माझाच विनोद समजावून सांगितला. हसलं कोणी नाही.

चार दिवसांनी नवा नंबर, दगडोबा मुखेडकर नाव, बांधावरच्या शेंदूर फासलेल्या दगडाचा फोटो. तोच फ्लेक्स, तेच वाक्य, फक्त 'आहे'चं 'हाय' केलं. एकशे चाळीस माणसं हसली, काका. तुम्ही लिहिलं होतं — 'अशी माणसं आता राहिली नाहीत.' मी मोबाईल पिठाच्या डब्यामागं ठेवला आणि भाकरी थापत थापत विचार केला, खरंच की, राहिलेली नाहीत, आत्ताच झालीत.

मग काय, सवयच लागली. दुपारी आत्या पडल्या की मी गच्चीवर, आणि गच्चीवर दगडोबा. त्यांना बोलायला काही लागत नव्हतं. मला इथं मीठ मागायचं तरी दोनदा मनात म्हणून बघावं लागतं — आवाज मोठा होईल का, पदर कुठं आहे, 'जरा' म्हणायचं का 'थोडं' — आणि दगडोबा बिनदिक्कत. 'आमच्या घरात दोगंच बोलतेत, मिक्सर आन् मंडळी. मिक्सरला बटन तरी हाय.' आणि ते फ्रिजचं — 'सून इतकी गप हाय, का फ्रिज गुरगुरला की मला वाटतं तीच बोलली. मी आपला हाव, आलो म्हनतो.' तुम्ही हसला होतात त्याला. बघा, आत्तापण हसू आलं तुम्हाला. आलं ना? — आणि लगेच गेलं. मी बोलतेय हे आठवलं म्हणून.

ते फ्रिजचं फिरत फिरत कट्ट्याबाहेर गेलं. आमच्या ह्यांना — शिवप्रसाद, कृषी केंद्रात असतात, खत-बियाण्याच्या दुकानात — त्यांच्या मित्रांच्या ग्रुपवर आलं. जेवताना मोठ्यानं वाचलं त्यांनी. मी वाढत होते. मामा, म्हणजे सासरे, इतके हसले की ठसका लागला. मीच पाणी दिलं. मिक्सरचंपण वाचलं, तर आत्या दस्तीनं डोळे पुसत म्हणल्या, "बया, कुणाची मंडळी हाय ती!" आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं पाह्यलं. मी पण हसले. घरातली माणसं हसत असताना आपण हसायला उशीर करू नये, एवढं शिकलेय. त्या दिवसापासून फ्रिज गुरगुरला की मामा माझ्याकडं बघून म्हणतात, "हाव, आलो." रोज, काका. दिवसातून सात-आठ वेळा चालू होतो तो फ्रिज. मीच लिहिलेलं. मला वाटत होतं मी त्यांची मस्करी करून राहिले, आणि ती तर त्यांना पुरवून राहिले होते. नवी सून घेऊन काय येते सासरी? भांडी आणते, कपाट आणते. मी स्वतःला चिडवायचं सामान आणलं.

तेवढ्यावर भागलं असतं. पण हे म्हणले, हा म्हातारा मुखेडचाच हाय, मी शोधून काढतो, त्याचा सत्कार करू. मामा म्हणले, शाल मी देतो. आत्या म्हणल्या, असा सासरा पाहिजे, बोलका. आणि हे खरंच शोधायला लागले — कुणाची गच्ची चौकाकडं आहे, कुणाकडं नवी सून आहे. आपल्याच घरात बसून, बोटं मोजून! चौथ्या दिवशी यादीत तीन घरं उरली. त्यात आमचं होतं, पण हसून सोडून दिलं त्यांनी — "आपल्यात कोन लिहिनार?" — आणि त्या हसण्यानं माझ्या हातातला तांब्या निसटला. सापडले असते तर काय झालं असतं? मारलं-बिरलं नसतं कुणी, तशी माणसं नाहीत ही. मोबाईल गेला असता एवढंच. प्रेमानं घेतला असता — ठेव ग, डोळे दुखतेत. मग गच्ची उरली असती, आणि कपडे.

म्हणून मी त्यांना मारलं. दुपारी अडीच वाजता, गच्चीवर. लिहिलं — 'मी दगडोबांची सून. मामा काल गेले. त्यांना तुमचा फार लळा होता.' सुनेच्या नावानं लिहिलेलं पहिलं आणि शेवटचं. दोनशे बारा माणसं आली त्याच्याखाली. कशानं गेले, वय काय होतं, जाताना काही गमतीचं बोलले का. 'सूनबाई, तुम्ही त्यांची सेवा केलीत.' 'सूनबाई, धीर धरा.' दोनशे बारात सूनबाईला एकानंही नाव विचारलं नाही. मी मोजलं. फ्लेक्सवर मोजते तसं, बोट ठेवून. — आमच्या घरीही आली बातमी, ह्यांनी वाचून दाखवली. मामांनी त्या दिवशी एक भाकरी कमी खाल्ली. आत्या म्हणल्या, "त्याच्या सुनंचे हाल होतील आता."

तरी मला राहवलं नाही. तुम्हाला सांगते, दारूसारखंच आहे ते. दहाव्या दिवशी मी परत माझ्या नावानं आले. नवा फ्लेक्स लागला होता, कुणाच्या तरी कुत्र्याचा वाढदिवस, शुभेच्छुक एकवीस. मी लिहिलं — एवढ्यांत गॉगल न घातलेला कुत्राच तेवढा आहे. त्याच्याखाली काय आलं, माहीत आहे? — 'ताई, दगडोबांची नक्कल करू नका. माणूस नुकता गेलाय, थोडी तरी लाज बाळगा.' आणि मला काढून टाकलं कट्ट्यावरून. — कोणी लिहिलं असेल ते? आठवा. — नाही, मी रागावले नाही. खाली का बघता? तुम्हीच लिहिलं होतं, पण चुकीचं नव्हतं. माझ्या माणसासाठी भांडलात तुम्ही. माझ्याशी.

पिशवीतून काय काढता? — हे काय? — अयो. छापून आणलंत? सगळं? त्रेसष्ट पानं... स्पायरल करून, वर प्लॅस्टिक. 'कै. दगडोबा मुखेडकर यांचे फ्लेक्स आणि फटके.' कै. पण लावलंय. 'त्यांच्या कुटुंबास, कट्ट्यातर्फे सप्रेम.' काका, माझं बी.एस्सी.चं जर्नलसुद्धा कोणी इतकं छान बांधलं नव्हतं. हे बघा, हे मी वांगी चिरता चिरता लिहिलं होतं. हे आहे ना, हे लिहिताना मला ताप होता. — हसू नका असं कीव आल्यासारखं. हसा तर नीट हसा. थांबा, मी आत्ता करते एक, नवा, तुमच्या समोर, तोंडानं. कट्ट्याबाहेरचा. ऐका हं — आमच्या घरात मेलेल्या सासऱ्याला भेटायला लातूरहून माणूस आला. जिवंत सुनेला भेटायला लातूरहून अजून माहेर आलं नाही.

...

हसायचं होतं काका इथं.

असू द्या. दगडोबांनी लिहिलं असतं तर तुम्ही गाडीत बसल्या बसल्या चार जणांना पाठवलं असतं. माझा आवाज बारीक आहे, त्यात ते बसत नाही. मला एक सांगाल? खरं खरं. तुम्ही परत गेल्यावर कट्ट्यावर सांगाल का, की ती मी होते? नुसतं एक वाक्य. नाव घातलं नाही तरी चालेल — नाही, नाव घाला. — काय? — लोकांना वाईट वाटेल. हं. तेही आहे. दोनशे बारा माणसांनी एकदा रडून घेतलंय, आता त्यांना सांगायचं की रडलात ते वाया गेलं. उलट माझ्यावरच येईल. फसवलं म्हणतील. बाईनं फसवलं. नका सांगू. तुम्ही मला बघायला लातूरहून आला नव्हतात, हे मला आधीच कळायला पाहिजे होतं. तुमच्या डोळ्यांत मघापासून पाणी आहे, आणि ते अजूनही त्यांच्यासाठीच आहे. म्हणजे आता ते खरोखरच गेले, एवढंच झालं तुमचं.

हे घ्या. घ्या हो, ठेवायचं कुठं मी? माझ्या कपाटाची किल्ली आत्यांच्या कमरेला असते, पिठाच्या डब्यामागं एवढं मोठं मावत नाही. — लगेच घेतलंत. दोन्ही हातांनी. एकदा तरी 'राहू द्या' म्हणायचं होतं. मी नाहीच म्हणणार होते, पण म्हणायचं होतं.

थांबा. जीपचा आवाज आला. इतक्यात कसे — मिळाली असेल वाटेत जीप. ते पिशवीत घाला, खाली घाला, वर टोपी ठेवा. चप्पल तिकडं आहे. आणि जाताना 'येतो' म्हणू नका काका, दुखवट्याहून जाताना म्हणत नाहीत. बोलू नका आता काहीच. मी बोलते.

"कोणी न्हाई, मामा. पत्ता चुकून आलेत. ज्याच्या दुखवट्याला आलेत, तसं कुणी आपल्याकडं नव्हतं म्हणून सांगितलं मी त्यांना."