‘जातंय’ म्हणायचं घर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर भार्गवीताई, व्यासपीठावरचे सरपंच भिकाजी सारंग, निजामभाई, समोर बसलेली ग्रामस्थ मंडळी, आणि जिच्यासाठी आपण सगळे जमलो ती सत्कारमूर्ती हवाबी होडेकर, सर्वांना माझा नमस्कार.

मी ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत आहे, म्हणून भाषण शुद्ध मराठीत कर, असं मंडळाने बजावलं आहे. करतो प्रयत्न. पण हवाबी समोर असली की जीभ मालवणीकडे वळते. त्यावर तिच्याकडेही औषध नाही.

हवाबी गावाचे गुडघे चोळते ते उंडीचं तेल म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायला हवं? किनाऱ्यावर झाडाखाली पडलेल्या उंड्या वेचायच्या, फोडायच्या, गर वाळवून घाण्यावर न्यायचा. वास असा, की गुडघ्याला लावून माणूस देवळात आला तर पुजाऱ्याला मागे न बघता कळावं. टाचांच्या भेगांना मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. एवढंच तिचं औषधालय. मात्र कुणी सुजलेला पाय घेऊन आलं, की ती आधी चाचपून बघायची आणि शंका आली तर म्हणायची, “ह्यां हाडाचां काम. माझां तेल वरवरच्या दुखण्याक. डॉक्टराकडे जा.” बघा, भार्गवीताई मान हलवतायत.

हल्ली डब्या आल्या. माझा पुतण्या यज्ञेश कणकवलीहून आजीसाठी हळदीच्या कॅप्सुल घेऊन आला. माझी आई म्हणाली, “हळद गिळूक डबी कित्याक रे? माझो डबो रिकामो आसा?” ती डबी अजून देवाच्या फळीवर आहे. नातवाने प्रेमाने आणलेली, टाकवत नाही.

आता मूळ मुद्दा. आपण कुणाच्याही घरून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. रवळनाथाच्या देवळातून निघतानासुद्धा. गावात एकच पडवी अशी, जिथे ‘येतो’ म्हणायला बंदी. हवाबीची. तिथे ‘येतो’ म्हटलं की दुखणंही परत येतं. तेल चोळून झालं की उठायचं, ‘जातंय’, म्हणजे सरळ ‘जातो’, म्हणायचं आणि चालू लागायचं.

हा नियम मोडणारी गावात एकच बाई, माझी आई. बाबा गेल्यावर तिचे गुडघे धरले. दर गुरुवारी ती हवाबीकडे जायची. तेल जिरायचं, चहा व्हायचा, दोघींची जुनी भांडणं नव्याने व्हायची. निघताना आई मुद्दाम म्हणायची, “येतंय गो.”

“जातंय म्हण, वयनी! परत दुखूक होयां तुका?”

“दुखांदे. तू तरी भेटतलंस.”

मी आईला न्यायला जायचो, बाहेर उभा राहून ऐकायचो. हसायचो. गुडघे बरे झाले, तर त्या पडवीवर जायचं निमित्तही जाणार होतं, हे मला फार उशिरा उमगलं. औषध नक्की कशात असतं? तेलात, चोळणाऱ्या हातात, की गुरुवारची वाट बघण्यात? देवाला ठाऊक.

आता हवाबीचे हात थरथरतात. मुलगा अतहर तिला पनवेलला नेतोय. चांगलंच आहे. त्याने आईला न्यावं, यात आपण कोण बोलणार? पण मंडळी, आमच्या घरात तेलाची भरलेली बाटली आहे, आणि गेल्या गुरुवारी आईने ती हुंगून परत ठेवून दिली. झाकण बसवायलासुद्धा तिला वेळ लागला.

आज आई इथे आली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. खरं कारण वेगळं. हवाबी आपल्या घरच्या नियमाची पक्की. आज निघताना तिच्या तोंडून ‘जातंय’ निघालं, तर ते ऐकायला आईला इथे बसायचं नव्हतं. तरी मला बोलावून म्हणाली, “बाबू, फोन चालू ठेव. तिका ‘येतंय’ म्हणूक लाव. तां आयकल्याशिवाय बंद करू नको.”

हा बघा, माझ्या खिशातला फोन. सुरुवातीपासून चालू आहे. पलीकडे आई आहे. एरवी आपला आवाज वाडीच्या टोकाला पोचवणारी ही बाई आज कान लावून बसली आहे.

अध्यक्षांचे आणि माझी मालवणी सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. हवाबीचे मानत नाही. आभार मानले की हिशोब मिटतो, आणि मला तो मिटवायचा नाही. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर घरचा म्हणून पोटात घाला.

हवाबी, आता तू बोलायला उठशील. जे बोलायचं ते बोल. फक्त शेवटचा शब्द या फोनजवळ येऊन म्हण. आज इथे कुणी दुखणाईत म्हणून बसलेलं नाही गो. आज तुका ‘येतंय’ म्हणूक कोणाची बंदी नाय.